कण सृष्टीतले आणि कण हिशेबातले

स्मरणिकेच्या पानांवर संस्थेची वाटचाल, गुरुजनांच्या आठवणी आणि माजी विद्यार्थ्यांची मनोगते येतात, ती यावीतच. परंतु ज्या शाळेने आपल्याला लिहिण्या-वाचण्याबरोबर प्रश्न विचारायला शिकवले, तिच्या स्मरणिकेत एखादे पान कठीण प्रश्नासाठी राखणे हेही कृतज्ञतेचेच एक रूप आहे, असे आम्ही मानतो. म्हणून येथे भौतिकशास्त्रातील एक प्रश्न घेत आहोत : खरा कण आणि आभासी कण यांत फरक कोणता?

हा प्रश्न दूरचा वाटेल, पण तो आता आपल्या मुलांच्या वह्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. विज्ञानावरील लोकप्रिय पुस्तके, चित्रफिती आणि व्याख्याने यांतून एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. रिकाम्या पोकळीत म्हणे क्षणोक्षणी शून्यातून कण जन्माला येतात, निसर्गाकडून थोडी ऊर्जा उसनी घेतात आणि कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी ती फेडून नाहीसे होतात. गोष्ट आकर्षक आहे. मात्र भौतिकशास्त्राला जे खरोखर ठाऊक आहे, त्याचे हे वर्णन नव्हे. हे चित्र मुलांना सत्य म्हणून देणे योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे आम्ही क्रमाने मांडू इच्छितो.

प्रथम खऱ्या कणाविषयी. इलेक्ट्रॉन १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी शोधला. त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना सापडला. बाष्पाने भरलेल्या पेटीतून जाताना त्याने मागे ठेवलेली वक्र रेघ छायाचित्रात स्पष्ट दिसत होती. असे कण येतात, जातात, उपकरणावर आपली खूण ठेवतात. त्यांच्या ठायी एक नियम कसोशीने पाळला जातो. कणाची ऊर्जा, त्याचा संवेग आणि त्याचे वस्तुमान यांचे नाते काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखे असते. एका बाजूवर वस्तुमानातून येणारी ऊर्जा ठेवावी, दुसरीवर संवेग आणि प्रकाशाचा वेग यांचा गुणाकार ठेवावा, म्हणजे कर्ण म्हणून एकूण ऊर्जा मिळते. आठवी-नववीत शिकलेला पायथागोरसचा सिद्धांतच येथे भेटतो. प्रकाशकणाला, म्हणजे फोटॉनला, वस्तुमान नाही. म्हणून त्याच्या बाबतीत ऊर्जा आणि संवेग ही जोडी कायम एकमेकांच्या प्रमाणात असते. एक आहे आणि दुसरे नाही, असे कधी होत नाही.

आता आभासी कण. तो समजून घेण्यासाठी आपल्या मुंबईत जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचे काम उत्तम उदाहरण ठरेल. होमी भाभा केंब्रिजमध्ये संशोधन करीत असताना त्यांनी एक प्रश्न घेतला : इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले, तर ते कोणत्या कोनात किती प्रमाणात विखुरतील? त्यांचे उत्तर १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर ते आजही ‘भाभा विकिरण’ याच नावाने ओळखले जाते. जिनिव्हाजवळ १९८९ ते २००० या काळात २७ किलोमीटर परिघाचे जे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्र चालले, त्यात टकरींचे प्रमाण मोजण्याचे माप म्हणून याच विकिरणाचा उपयोग केला गेला.

आज विद्यार्थी हे उत्तर रिचर्ड फाइनमन यांच्या आकृत्यांच्या साहाय्याने काढतात. त्यासाठी दोन आकृत्या काढाव्या लागतात. पहिलीत इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्यामध्ये एक फोटॉन जातो. दुसरीत ते दोघे परस्परांचा नाश करून एक फोटॉन होतात आणि त्यातून पुन्हा अशीच जोडी बाहेर पडते. मधल्या रेषेने दाखवलेल्या या फोटॉनला आभासी कण म्हणतात. समजा, दोन्ही कण समोरासमोर सारख्याच वेगाने आले आणि सारख्याच वेगाने वेगळ्या दिशांना गेले. तर पहिल्या आकृतीतल्या फोटॉनकडे संवेग असतो, पण ऊर्जा शून्य असते. दुसऱ्या आकृतीतल्या फोटॉनकडे ऊर्जा असते, पण संवेग शून्य असतो. वर सांगितलेला नियम आठवावा. असा प्रकाश कोणत्याही दिव्यातून निघत नाही आणि कोणत्याही डोळ्याला दिसत नाही. काटकोन त्रिकोण येथे जुळतच नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रत्यक्ष टक्कर झाल्यावर ती पहिल्या आकृतीप्रमाणे झाली की दुसऱ्या, हे सांगता येत नाही. दोन्ही आकृत्यांतून येणाऱ्या राशी आधी एकत्र कराव्या लागतात, मग त्या बेरजेचा वर्ग घ्यावा लागतो आणि तेव्हाच प्रयोगाशी जुळणारे उत्तर हाती येते. शिवाय फाइनमन यांनी आपल्या आकृत्या १९४८ मध्ये शास्त्रज्ञांपुढे मांडल्या. भाभांचे सूत्र त्यापूर्वी बारा वर्षे सिद्ध झाले होते. आकृत्या नव्हत्या, त्या आकृत्यांतल्या मधल्या रेषा नव्हत्या, तरी उत्तर तेच आले.

आपल्या शाळेत पहिली-दुसरीत शिकलेला एक शब्द येथे उपयोगी पडतो : हातचा. सत्तेचाळीस आणि अडतीस यांची बेरीज करताना आपण सात आणि आठ पंधरा म्हणतो, पाच लिहितो आणि एक हातचा घेतो. उत्तर पंच्याऐंशी येते. हा हातचा कोणाच्या खिशात असतो, असे कोणी विचारत नाही. चाळीस आणि तीस सत्तर, सात आणि आठ पंधरा, सत्तर आणि पंधरा पंच्याऐंशी अशी बेरीज केली, तर हातच्याची गरजही पडत नाही. उत्तर मात्र बदलत नाही. आभासी कण हा बहुतांशी असा हिशेबातला हातचा आहे. अणुकेंद्रकातील प्रबळ बलाचे गणित अवकाश-काळाची जाळी कल्पून संगणकावर करण्याची पद्धत केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये मांडली. तीत अशा रेषांवाचूनच प्रोटॉनचे वस्तुमान काढता येते.

आता ‘उसन्या ऊर्जे’च्या गोष्टीकडे वळू. तिच्या पुष्ट्यर्थ बहुधा न्यूट्रॉनचे उदाहरण दिले जाते. मोकळा न्यूट्रॉन सरासरी सुमारे पंधरा मिनिटांत विघटित होतो आणि त्यातून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. आकृतीत या घटनेच्या मधोमध डब्ल्यू नावाचा कण असतो. न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या वस्तुमानातील फरक सुमारे १.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. डब्ल्यूचे वस्तुमान मात्र सुमारे ८०,४०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे त्या फरकाच्या सुमारे बासष्ट हजार पट. एवढी ऊर्जा आली कोठून? लोकप्रिय उत्तर असे की, अनिश्चिततेच्या तत्त्वाच्या आडून ती क्षणभर उसनी घेतली. परंतु आकृत्यांचे नियम तसे सांगत नाहीत. त्यांत प्रत्येक सांध्यावर ऊर्जा आणि संवेग यांचा जमाखर्च पूर्ण जुळतो. मधल्या रेषेवर ऊर्जा उसनी घेतलेली नसते; तेथे डब्ल्यूचे ऊर्जा, संवेग आणि वस्तुमान यांचे ठरलेले नाते तेवढे पाळले जात नाही. या तफावतीची किंमत गणितात चुकती करावी लागते. नाते जितके दूर ढळते, तितके ते पद लहान होते. ही घटना इतकी मंद आणि हे बल इतके दुर्बळ का, याचे उत्तर त्यातच आहे. खरा डब्ल्यू, आपल्या पूर्ण वस्तुमानासह, १९८३ मध्ये जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत निर्माण करण्यात आला. त्यासाठी लागणारी ऊर्जा यंत्राला प्रत्यक्ष पुरवावी लागली. निसर्गाने ती उसनी दिली नाही.

येथे जाणकार वाचक आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप वजनदार आहे. आभासी कण हे केवळ हिशेबातले असतील, तर प्रयोगात दिसणाऱ्या परिणामांचे काय? विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रेदरफर्ड यांनी १९४७ मध्ये हायड्रोजन अणूच्या दोन अवस्थांमध्ये, जुन्या सिद्धांतानुसार मुळीच असू नये असा, सूक्ष्म फरक मोजला. तो सुमारे १,०५७ मेगाहर्ट्झ इतका आहे. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणधर्माचा जो आकडा डिरॅक यांच्या सिद्धांतानुसार नेमका २ यायला हवा, तो प्रयोगात सुमारे २.००२३२ येतो. या जादा भागाचा मुख्य हिस्सा ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये गणिताने काढून दाखवला. त्याहून मोठे उदाहरण टॉप क्वार्कचे. जिनिव्हाच्या ज्या यंत्राचा वर उल्लेख केला, त्याच्याकडे टॉप क्वार्कची जोडी निर्माण करण्याइतकी ऊर्जा कधीच नव्हती. तरीही तेथील सूक्ष्म मोजमापांवरून त्या कणाचे वस्तुमान कोणत्या पट्ट्यात असावे, याचा अंदाज बांधता आला होता. अमेरिकेतील फर्मीलॅबमध्ये १९९५ मध्ये टॉप क्वार्क सापडला, तेव्हा त्याचे वस्तुमान त्याच पट्ट्यात निघाले.

हे सारे खरे आहे आणि ते मुलांना सांगितलेच पाहिजे. हातच्याची उपमा येथे अपुरी पडते, हेही आम्ही मान्य करतो. पण यातून सिद्ध काय होते, ते नेमके पाहावे. विद्युतचुंबकीय क्षेत्र आहे, इलेक्ट्रॉनचे क्षेत्र आहे, टॉप क्वार्कचे क्षेत्र आहे, आणि त्यांच्या परस्परक्रियांचे परिणाम मोजता येतात, हे सिद्ध होते. त्या परिणामांचे गणित आपण तुकड्यातुकड्यांनी करतो आणि एकेका तुकड्याला एकेक चित्र देतो. परिणाम सृष्टीतला आहे. त्याचे तुकडे आपल्या पद्धतीतले आहेत. मळ्याला मिळणारे पाणी खरे असते. त्याचा हिशेब घागरींत केला की मोटांत, हे मोजणाऱ्यावर अवलंबून असते.

हेन्ड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ मध्ये वर्तवलेला परिणामही असाच सांगितला जातो. निर्वातात अगदी जवळ ठेवलेले दोन धातूचे पत्रे परस्परांकडे ओढले जातात, आणि स्टीव्ह लॅमोरो यांनी १९९७ मध्ये हे बल नीट मोजले. ‘पोकळीतल्या आभासी कणांचा दाब’ असे त्याचे वर्णन करतात. परंतु पत्र्यांतील विद्युतभारांच्या परस्परक्रियेतून, पोकळीच्या ऊर्जेचे नावही न घेता, तेच बल काढता येते. रॉबर्ट जॅफी यांनी २००५ मध्ये हे स्पष्ट करून दाखवले. कृष्णविवरातून होणाऱ्या उत्सर्जनाचे, जोडीतला एक कण आत पडतो आणि दुसरा निसटतो, असे प्रसिद्ध चित्रही स्टीफन हॉकिंग यांनी स्वतःच आपल्या मूळ शोधनिबंधात केवळ समजुतीसाठी दिलेले होते. ते शब्दशः घेऊ नये, असा इशाराही त्यांनी तेथेच दिला होता. चित्र जगभर गेले. इशारा मागे राहिला.

मग खरा आणि आभासी यांच्यात भिंत आहे काय? तेही तितके सरळ नाही. दूरच्या ताऱ्यावरून निघालेला आणि आपल्या डोळ्यांत शोषला गेलेला फोटॉन काटेकोरपणे पाहिल्यास दोन घटनांच्या मधलाच आहे. पण इतक्या लांबच्या प्रवासात त्याचे ऊर्जा-संवेगाचे नाते इतके नेमके जुळलेले असते की, त्यातील तफावत कोणालाही मोजता येणार नाही. उलट झेड नावाचा कण आपल्या जन्मस्थानापासून प्रोटॉनच्या रुंदीइतकेही अंतर न जाता विघटित होतो. तो मागे रेघ ठेवत नाही. तरीही सुमारे ९१ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला टकरींच्या संख्येत जो उंच सुळका दिसतो, त्यावरून त्याला आपण निःशंकपणे कण म्हणतो. म्हणजे एका टोकाला निर्विवाद खरे कण आहेत, दुसऱ्या टोकाला ऊर्जेवाचून संवेग बाळगणाऱ्या हिशेबी रेषा आहेत, आणि मध्ये चढण आहे. ही चढण दाखवणे अवघड असले, तरी विज्ञान शिकण्याचा आनंद तिथेच आहे.

आता आपल्या घरातील एका गोष्टीविषयी, आणि ती आदरपूर्वक. आभासी कणांचा दाखला देऊन ‘शून्यतेचे तत्त्व आता पाश्चात्त्य विज्ञानानेही सिद्ध केले’, असे आपल्या व्यासपीठांवरूनही अधूनमधून सांगितले जाते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, परंतु यात दोन्हींवर अन्याय होतो. नागार्जुनांच्या विचारातील शून्यता म्हणजे रिकामी जागा नव्हे. कोणतीही वस्तू स्वतःच्या बळावर, कारणांवाचून आणि प्रत्ययांवाचून उभी नाही, असा तिचा आशय आहे. प्रतीत्यसमुत्पादाशी तिचे नाते आहे. भौतिकशास्त्रातील निर्वात म्हणजे क्षेत्रांची सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था. ती अवस्था काळानुसार बदलत नाही. तिच्यात क्षणोक्षणी काही जन्मत आणि मरत असते, असे सिद्धांत म्हणत नाही. उलट ‘शून्यातून, कारणावाचून कण उपजतात’ ही लोकप्रिय कल्पना कार्यकारणाचा आग्रह धरणाऱ्या बुद्धविचाराच्या विरोधातच जाते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्यासाठी विवेक आणि तर्कसंगती यांची कसोटी सांगितली. ती कसोटी आपल्याला प्रिय वाटणाऱ्या दाखल्यांनाही लावली पाहिजे. धम्माला भौतिकशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही, आणि उद्या सिद्धांत बदलला तर ते प्रमाणपत्र परत द्यावे लागेल, हेही विसरून चालणार नाही.

या चर्चेत आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट शेवटी सांगतो. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या, घरातून पहिल्यांदाच विज्ञानशाखेकडे वळलेल्या मुलांना ‘त्यांना झेपेल तेवढे, सोपे करून’ द्यावे, असे पुष्कळांना वाटते. सोपे करणे आणि खोटे करणे यांत अंतर आहे. उसन्या ऊर्जेची गोष्ट ऐकून मोठे झालेले मूल पदव्युत्तर वर्गात पोहोचते, तेव्हा त्याला शिकण्याआधी विसरावे लागते. ज्याच्या घरी सांगणारे कोणी असते, ते मूल हे लवकर सावरते. ज्याच्या घरी नसते, त्याला वाटते की आपलीच बुद्धी कमी पडली. ज्ञानाची विषमता अशीही निर्माण होते. कठीण गोष्ट अचूकपणे ऐकण्याचा हक्क आपल्या मुलांनाही तितकाच आहे.

त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. शिक्षकांनी, पालकांनी आणि शाळेत व्याख्यानाला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी अशा प्रत्येक आश्चर्यकारक विधानापुढे मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवावेत. प्रत्यक्ष काय मोजले गेले? त्या मोजमापाचे गणित कसे केले? आणि तेच उत्तर दुसऱ्या रीतीने काढता येते का? दुसऱ्या रीतीत जे गळून पडते, ते बहुधा हिशेबातले असते. प्रत्येक रीतीत जे टिकते, ते सृष्टीतले असण्याचा संभव अधिक. ‘आभासी कण खरे आहेत का?’ असे एखाद्या मुलीने विचारले, तर तिला घाईने ‘हो’ म्हणू नये आणि ‘नाही’ही म्हणू नये. तिला भाभांच्या दोन आकृत्या काढायला लावाव्यात, मधल्या रेषेवर ऊर्जा आणि संवेग लिहायला सांगावेत आणि त्रिकोण जुळतो का, ते तिचे तिलाच पाहू द्यावे.

येऊन स्वतः पाहा, असे आवाहन करणाऱ्या परंपरेत आपली शाळा उभी आहे. त्या आवाहनाला फळ्यावरच्या एका आकृतीपुरते जरी आपण जागलो, तरी या संस्थेचे ऋण थोडे फिटेल, असा आम्हांला विश्वास वाटतो.